म्हातारी मांजर ट्रे सोडून गादीवर शू करते, थांबते, पुन्हा करते: काय तपासायचं, काय बदलायचं

तक्रार साधारण अशी असते. मांजर दहा-बारा वर्षांची किंवा त्याहून मोठी. आयुष्यभर ट्रे नीट वापरलेला. एक दिवस गादीवर शू केलेली सापडते, मग पायपुसण्यावर, मग धुवायच्या कपड्यांच्या ढिगात. घरात आरडाओरडा होतो, फिनाईलचा हात फिरतो, कोणीतरी गोळ्या आणून देतं आणि आठवड्याभरात सगळं थांबतं. सुटलो म्हणेपर्यंत दीड-दोन महिने जातात आणि परत तेच. नागपुरात ही तक्रार एप्रिल-मेमध्ये आणि दिवाळीच्या आगेमागे जास्त ऐकू येते. ते उगीच नाही, कारणं खाली येतीलच.

“मुद्दाम करून राहिली”, “माझ्यावरचा राग काढून राहिली” हे वाक्य जवळपास प्रत्येक घरात ऐकलं आहे. मांजर राग काढायला गादी निवडत नाही. तिला कुठेतरी दुखतं आहे, ट्रेपर्यंत जाणं जमत नाही, किंवा घरात असं काही बदललं आहे की तिला ट्रेपाशी निर्धास्त बसवत नाही. म्हाताऱ्या मांजरीत बहुधा तिन्ही थोडं थोडं असतं. म्हणूनच एकच उपाय करून बघणाऱ्यांची तक्रार परत येते.

सगळ्यात आधी: शू होते आहे की अडली आहे?

बोका असेल, पुन्हा पुन्हा ट्रेमध्ये जाऊन जोर करत असेल, कण्हत असेल, शेपटीखाली चाटत असेल आणि ट्रे कोरडाच राहत असेल, तर पुढचं वाचत बसू नका, त्याला घेऊन निघा. बोक्याची मूत्रनलिका टोकाशी फार बारीक असते. बारीक खडे, चिकट स्राव किंवा नुसती सूजसुद्धा ती बंद करते. लघवी अडली की रक्तातलं पोटॅशियम वाढतं, हृदयाचे ठोके बिघडतात आणि एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. बसायची ढब बद्धकोष्ठासारखीच दिसते, म्हणून घरचे एरंडेल पाजतात, तूप चाटवतात आणि त्यात अर्धा दिवस जातो. पोट दाबून बघायचं नाही. “आज रविवार आहे, उद्या दाखवू” हेही नाही. मादीची नलिका रुंद आणि आखूड असल्यामुळे तिची लघवी अडणं क्वचितच होतं, पण शूमध्ये रक्त दिसलं तर तिलाही त्याच दिवशी दाखवावं.

हे नसेल तर दुसरा प्रश्न: ही शू आहे की खूण? मांजर उभी राहून, शेपूट ताठ करून थरथरवत भिंतीवर, पडद्यावर, दाराच्या चौकटीवर थोडासा फवारा मारत असेल तर ती हद्द आखते आहे. तिचं भांडण बहुतेक बाहेरच्या कोणाशी असतं. तळमजल्यावरच्या घरात गल्लीतला बोका रोज संध्याकाळी खिडकीशी येऊन बसतो आणि आतली आजीबाई पडदा भिजवते, हे मी पाहिलं आहे. तिथे खिडकीच्या खालच्या अर्ध्या भागाला दुधी कागद चिकटवला आणि त्या बोक्याचं खाणं फाटकापासून लांब ठेवलं तर बराच फरक पडतो. नसबंदी झालेल्या मांजरीही फवारा मारतात, फक्त प्रमाण खूप कमी असतं. मांजर बसून, आडव्या जागी, चांगलं थारोळं करत असेल तर मात्र ही खूण नव्हे, आणि खालचं सगळं तिच्यासाठी आहे.

घरात दोन-तीन मांजरी असतील तर कोण करतं ते आधी नक्की करा. म्हातारीवर आळ येतो आणि करणारी दुसरीच निघते. शी बाहेर सापडत असेल तर मुलांच्या बिनविषारी मेणाच्या खडूचा किसलेला चुरा एकीच्याच खाण्यात चिमूटभर मिसळा. रंगीत कण शीमध्ये दिसतात.

वय झालेल्या मांजरीत “टेन्शन” हे निदान शेवटी

तरुण मांजरीला वारंवार शूचा त्रास झाला तर ताणामुळे येणारी मूत्राशयाची सूज हा पहिला संशय बरोबर ठरतो. डॉक्टर तिला एफआयसी म्हणतात. पण हा आजार साधारणपणे तरुण आणि मध्यमवयीन मांजरींत सुरू होतो. दहा-अकरा वर्षं काही नव्हतं आणि आता पहिल्यांदाच सुरू झालं, तर ताणावर खापर फोडण्याआधी मूत्रपिंड, मधुमेह, थायरॉइड आणि सांधे बघून घ्यावेत. पहिल्या तिन्हीत पाणी जास्त प्यायलं जातं, शू जास्त होते आणि ट्रे लवकर भिजून घाण होतो. मांजर स्वच्छतेची, ती मग दुसरी जागा शोधते. आपल्याला वाटतं स्वभाव बिघडला.

डॉक्टरांकडे काय मागायचं ते माहीत असलेलं बरं. लघवीची तपासणी हवी, त्यात घनता म्हणजे स्पेसिफिक ग्रॅव्हिटी हवीच. धडधाकट मांजरीची लघवी घट्ट असते आणि हा आकडा सहसा १.०३५ च्या वर असतो. तो बराच खाली असेल तर मूत्रपिंडाकडे लक्ष जातं. लघवीचं कल्चरही, म्हणजे तिच्यातले जंतू वाढवून बघायची तपासणी, मागा. तरुण मांजरीत जंतूंचा संसर्ग क्वचित सापडतो, पण म्हातारपणी लघवी पातळ होते तेव्हा तो बराच वाढतो, त्यामुळे या वयात कल्चर न करता अँटिबायोटिक देणं मला पटत नाही. रक्तात क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी), साखर आणि टी-फोर (थायरॉइडसाठी), शिवाय जमलं तर रक्तदाब. खड्यांसाठी एक्स-रे किंवा सोनोग्राफी. साखरेबद्दल एक लक्षात ठेवा: मांजर घाबरली की दवाखान्यातच तिची साखर चढते. एका आकड्यावरून मधुमेह ठरवू नये, फ्रुक्टोसामिन ही रक्ततपासणी केली की मागच्या दोनेक आठवड्यांचा अंदाज येतो.

लघवीचा नमुना डॉक्टर सुईने पोटातून थेट घेतात, कल्चरसाठी तोच चांगला. नुसत्या प्राथमिक तपासणीसाठी घरीही जमतं. धुवून वाळवलेल्या ट्रेमध्ये फिश टँकचे स्वच्छ बारीक खडे घाला, शू खाली साचते, सिरिंजने ओढून लगेच नेता येते.

नागपुरात सेमिनरी हिल्सला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, १९५८ पासूनचं. तिथल्या रुग्णालयात मांजर दाखवता येते, किंवा शहरातल्या खासगी डॉक्टरांकडे जा. कुठेही गेलात तरी मे महिन्यात सकाळी लवकर न्या. बास्केट दोन-तीन दिवस आधीपासून घरात उघडी पडू द्या, आत तिच्या वासाची चादर ठेवा, निघताना वरून सुती ओढणी टाका आणि ऑटोत बास्केट पायाशी न ठेवता मांडीवर घ्या. फारच घाबरणारी असेल तर भेटीआधी द्यायला डॉक्टर गॅबापेंटिन हे शांत करणारं औषध लिहून देतात, आधी फोनवर विचारून ठेवा.

सांध्यांबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण हेच सगळ्यात जास्त नजरेतून सुटतं. २००२ साली बारा वर्षांवरच्या १०० मांजरींचे एक्स-रे तपासून केलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात ९० मांजरींच्या सांध्यांत झीज दिसली. मांजर कुत्र्यासारखी लंगडत नाही. ती कपाटावर उडी मारणं सोडते, जिन्यात थबकते, पाठीचे केस चाटेनाशी होते, नखं वाढून वळतात. घरचे म्हणतात, “वय झालं, शांत झाली.” आणि तिचा ट्रे असतो गच्चीवर, किंवा त्याचा काठ वीतभर उंच. पाय उचलून आत शिरताना दुखतं, आत ओणवं बसताना दुखतं, आणि गादी तर मऊ आहे आणि वाटेतच आहे.

इथे एक इशारा. माणसांच्या दुखण्याच्या गोळ्या मांजरीला देऊ नका. पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा मांजरीचा जीव घेऊ शकते. तिच्या यकृताला ते औषध निकामी करणं जमत नाही आणि रक्त ऑक्सिजन वाहून नेणं सोडतं. मांजरीसाठी वेदनाशामकं आहेत, पण मात्रा मूत्रपिंड बघून डॉक्टरांनीच ठरवायची.

पंधरा वर्षांपुढच्या मांजरींपैकी जवळपास निम्म्यांत विसराळूपणाची काही ना काही लक्षणं दिसतात: रात्री मोठ्याने ओरडणं, भिंतीकडे बघत राहणं, ट्रे कुठे आहे तेच न आठवणं. तिथे शिकवण्याला अर्थ नाही, ट्रेच तिच्याजवळ न्यायचा.

ताण मूत्राशयात कसा पोचतो

तपासण्या झाल्या, मोठं काही निघालं नाही, किंवा निघालं त्यावर उपचार सुरू झाले, तरी शू बाहेरच. आता ताण.

मूत्राशयाच्या आतल्या बाजूला एक संरक्षक थर असतो. एफआयसीच्या मांजरींत तो विरळ झालेला सापडतो. ताणाने मज्जासंस्था चेतवलेली राहते, सूज येते, लघवी आतून चुरचुरते आणि थोडी थोडी सारखी लागते. जंतू नसतातच. ट्रेमध्ये बसल्यावर दुखलं, म्हणून मांजर ट्रेलाच दोष देते आणि दुसरीकडे जाऊन बघते. हा झटका बहुतेकदा आठवड्याभरात आपोआप ओसरतो. त्या आठवड्यात जे काही दिलं असेल, अँटिबायोटिक, धण्याचं पाणी, अंगारा, त्याला श्रेय जातं. मग पुढच्या वेळी तेच दिलं जातं आणि मूळ कारण घरातच राहतं.

अमेरिकेत ओहायो स्टेट विद्यापीठात टोनी बफिंग्टन यांनी या आजारावर बरंच काम केलं. २००६ साली त्यांच्या गटाने ४६ मांजरींवरचं निरीक्षण प्रसिद्ध केलं. मुख्य उपचार म्हणून त्यांनी मांजरींचं घर बदललं: ट्रे, पाणी, लपायच्या आणि चढायच्या जागा, माणसांशी खेळणं, मांजरींमधली भांडणं. दहा महिन्यांच्या पाठपुराव्यात त्रास बराच कमी झाला. त्याच गटाच्या २०११ च्या कामात तर निरोगी मांजरींचंही खाण्याचं आणि देखभालीचं रोजचं वेळापत्रक बिघडलं की उलट्या, न खाणं आणि ट्रेबाहेर शी-शू वाढलेली दिसली. म्हणजे वेळ चुकली, माणूस बदललं, एवढंही पुरतं.

म्हणून पहिला प्रश्न स्वतःला विचारायचा तो असा: सुरू झालं त्याच्या आदल्या पंधरा दिवसांत घरात काय हललं? एक वही करा. तारीख, जागा, किती, रक्त होतं का, आणि त्या आठवड्यात घरात काय चाललं होतं. तीन-चार वेळा झालं की वही बोलायला लागते.

नागपूरच्या घरात काय हलतं

पहिलं नाव कूलरचं. मार्चअखेर माळ्यावरून कूलर उतरतो, नवीन खस लागते आणि तो खिडकीत बसतो. आपली सुटका होते. मांजरीची मात्र खिडकी जाते, तीही तिची रोजची, पाखरं बघायची. त्या जागी घरघरणारी मोटर येते, पाण्याचा ठिबकणारा आवाज येतो, ओल्या गवताचा वास येतो आणि वारा नेमका त्या कोपऱ्यावर येतो जिथे कित्येक घरांत ट्रे असतो. रात्री सगळं घर त्या एका खोलीत गाद्या टाकून झोपतं. एसी असला तर दारही बंद. मांजर आत राहिली तर ट्रे बाहेर, बाहेर राहिली तर माणसं आत. त्यात सुट्ट्या लागून पुण्या-मुंबईची भाचेमंडळी येतात. गाद्या जमिनीवर, मऊ, आणि बिछान्यांवर अनोळखी वास. शू तिथे होते यात नवल काय?

दुसरी गोष्ट ट्रेच्या जागेची. आपल्याकडे वासाच्या भीतीने ट्रे मागच्या गॅलरीत नाहीतर गच्चीच्या जिन्यात. हिवाळ्यात ठीक. मेमध्ये पारा ४५ च्या वर जातो, दुपारी त्या फरशीवर आपण अनवाणी पाय ठेवत नाही, आणि रेतीही तापते. मांजर दुपारभर शू दाबून धरते. तशीच लघवी घट्ट, त्यात धरून ठेवलेली, म्हणजे मूत्राशयाला दुहेरी त्रास. मग संध्याकाळी जी जागा जवळ सापडेल ती.

उपाय कूलर बंद करणं नव्हे, तसं सुचवणाऱ्याला घरातून हाकलतील. कूलर लावण्याआधी दोन-तीन आठवडे आत दुसरा ट्रे ठेवा, सावलीतल्या शांत खोलीत, वाऱ्याच्या झोतापासून बाजूला. जुना लगेच उचलू नका. ती आतला वापरायला लागली की मग बाहेरचा काढा. कूलर बसवल्यावर काही दिवस तो बंदच राहू द्या, मग दिवसा थोडा वेळ पंप न लावता कमी वेगावर, मग पूर्ण. गेलेल्या खिडकीच्या बदल्यात दुसऱ्या खिडकीपाशी स्टूल किंवा जुनी पेटी लावा, चढायला मध्ये एक पायरी हवी. रात्री दार बंद करायचंच असेल तर मांजर जिथे असेल त्या बाजूला ट्रे आणि पाणी दोन्ही. पाहुणे येणार असतील तर एक खोली, निदान एक पलंगाखालचा कोपरा तिचा, आणि मुलांना स्पष्ट सांगायचं की तिथून तिला ओढायचं नाही.

पाणी वाढवणं उन्हाळ्यात फार कामाचं. घरात तीन-चार ठिकाणी रुंद तोंडाचं मातीचं किंवा स्टीलचं भांडं ठेवा, खाण्याच्या बशीपासून आणि ट्रेपासून लांब. काठ मिशांना लागणं काही मांजरींना आवडत नाही. कोरड्या दाण्यांऐवजी ओलं खाणं वाढवा. उकडलेल्या चिकनचं पाणी चालतं, त्यात मीठ, कांदा, लसूण नको. कांदा-लसूण मांजरीच्या रक्तपेशी फोडतो. मूत्रपिंडाचा आजार निघाला असेल तर आहारबदल डॉक्टरांना विचारून. “थंड पडेल” म्हणून दूध पाजणं थांबवा, मोठ्या मांजरींपैकी बऱ्याच जणींना ते पचत नाही आणि मग शीचीही तक्रार सुरू होते.

दिवाळीत क्रम वेगळा. फटाक्यांच्या आधी सफाई येते, आणि सफाईच जास्त छळते. सोफा हलतो, माळा खाली येतो, भिंतीला रंग लागतो, तिने वर्षभर गाल घासून केलेल्या वासाच्या खुणा एका दिवसात पुसल्या जातात. एक खोली शेवटपर्यंत हलवू नका, तिच्या अंथरुणाची चादर तर धुवूच नका. फटाक्यांच्या संध्याकाळी त्याच खोलीत खोकं, ट्रे, पाणी, खिडकी लावून घेतलेली, पंखा सुरू.

महाल-इतवारीत राहणाऱ्यांना आणखी एक दिवस धरावा लागतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत, म्हणजे इडापिडा घालवण्यासाठी काढलेल्या मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक, निघते. काळी मारबत १८८१ पासून आणि पिवळी १८८५ पासून. ढोल, डीजे, माणसांचा लोंढा. तिकडे राहणाऱ्या माझ्या मामींची मांजर त्या दिवशी पलंगाखालून हलत नाही, आणि संध्याकाळी पलंगाखालीच शू. मामींनी शेवटी ट्रेच पलंगाखाली सरकवला. “इडापिडा घेऊन जाय गे मारबत म्हणतात, हिची इडापिडा मारबतच घेऊन येते,” असं त्या म्हणतात.

ट्रे

दुकानातला ट्रे बहुतेक मांजरींना लहान पडतो. नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंतच्या लांबीच्या दीडपट लांब हवा. कपडे ठेवायचा मोठा प्लास्टिकचा टब घ्या, एका बाजूला जमिनीपासून तीन-चार बोटं सोडून दाराएवढी खाच कापा, कडेला जाड टेप लावा. तीन बाजू उंच राहतात म्हणून रेती उडत नाही आणि दुखऱ्या पायांना चढावं लागत नाही. तेवढा खटाटोप नको असेल तर उथळ पसरट घमेलं चालतं, फक्त ते डगमगता कामा नये. झाकणाचा ट्रे असेल तर झाकण काढा. आत वास कोंडतो, आणि घाबरट मांजरीला एकच दार असलेली जागा नको असते.

मांजरी जितक्या त्याहून एक ट्रे जास्त, आणि तेही वेगवेगळ्या जागी. एका ओळीत ठेवलेले तीन ट्रे मांजरीच्या हिशेबात एकच. दुमजली घरात दोन्ही मजल्यांवर हवेत. वॉशिंग मशीनच्या शेजारी नको. म्हाताऱ्या डोळ्यांसाठी रात्री जवळ झिरोचा दिवा.

आत काय घालायचं? बिनवासाचं, बारीक, गठ्ठा होणारं लिटर (ट्रेमध्ये घालायचा दुकानात मिळणारा भुसा-रेतीसारखा माल) बहुतेक मांजरींना आवडतं. लव्हेंडरचा वास आपल्याला आवडतो, तिला नाही. लाकडाच्या किंवा टोफूच्या जाड गोळ्या दुखऱ्या पंजांना टोचतात. रेती स्वस्त पडते आणि जुन्या मांजरींना तिचीच सवय असते, तेव्हा ती बदलायलाच हवी असं नाही. पण बांधकामाच्या ढिगातून उचललेली रेती गल्लीतल्या दहा मांजरींनी वापरलेली असते. तो वास घरात आणणं म्हणजे बाहेरच्या बोक्याला आत बोलावणं. चाळून, धुवून, कडक उन्हात वाळवून घ्या. थर दोन-तीन बोटांचा पुरे, जास्त खोल रेतीत म्हातारी मांजर रुतते आणि तोल जातो. पसंती कळत नसेल तर दोन ट्रे शेजारी ठेवून दोन प्रकार भरा, आठवड्यात उत्तर मिळतं. गठ्ठे दिवसातून दोनदा काढा. ट्रे धुवायला साधा साबण आणि गरम पाणी.

डाग, वास आणि फिनाईल

आपल्या घरांत सगळ्यात मोठं नुकसान इथे होतं. फिनाईलसारखी फिनॉल असलेली द्रव्यं आणि डेटॉल हे मांजरीला विषारी आहेत. तिचं यकृत त्यांचा निचरा करू शकत नाही, आणि पंजाला लागलेलं ती चाटून पोटात घेते. रोज फिनाईलने पुसलेल्या फरशीवर फिरणारी आजारी म्हातारी मांजर मला बघवत नाही. कपाटातल्या डांबर गोळ्याही तशाच. संत्र्याचा वास मांजरींना नको असतो, म्हणून आपल्या गावात हमखास सुचवला जाणारा उपाय म्हणजे डागावर संत्र्याच्या साली. तिथून ती हटेलही, पण शू लागायची थांबत नाही, ती पलीकडच्या उशीवर जाईल. संत्र्याचं तेल तर मांजरीला बाधतं, ते शिंपडू नका.

ताजी शू आधी कापडाने टिपून घ्या, चोळू नका. मग पाळीव प्राण्यांच्या डागांसाठी मिळणारं एन्झाइमचं द्रावण भरपूर ओता, शू जितकी खोल गेली तितकं ते खोल जायला हवं, आणि आपोआप वाळू द्या. ते मिळत नसेल तर एन्झाइम असलेली कपडे धुवायची पावडर पाण्यात कालवून, नंतर स्वच्छ पाण्याने. ब्लीच वापरत असाल तर त्यात व्हिनेगर किंवा इतर काही मिसळू नका, विषारी वायू होतो.

कापसाची गादी हा वेगळाच प्रश्न. मेमध्ये गच्चीवर टाकली की दोन दिवसांत खडखडीत वाळते, वासही जातो असं वाटतं. पण शूमधली वासाची द्रव्यं कापसातच राहिलेली असतात. जुलैत हवा दमट झाली की गादी परत वास मारायला लागते आणि मांजर तिथे परत जाते. कित्येक घरांत “पावसाळ्यात परत सुरू झालं” याचं कारण एवढंच असतं. गादी पिंजून नवी खोळ घाला, फार भिजली असेल तर टाकून द्या. जुने डाग शोधायला नोटा तपासायची अल्ट्राव्हायोलेट बॅटरी घ्या, अंधारात शू पिवळट चमकते. कुठे कुठे चमकेल याची तयारी ठेवा.

नाक घासणं, मारणं, ओरडणं, दिवसभर बाथरूममध्ये कोंडणं यातून एकच गोष्ट शिकवली जाते: माणूस दिसला की लपून करायचं. मग डाग सापडायलाही वेळ लागतो.

औषधं कधी

घरातले बदल करून महिनाभर थांबूनही फरक नसेल, किंवा मांजर सतत लपत असेल, खाणं कमी झालं असेल, तर डॉक्टरांशी औषधांबद्दल बोला. दोन-तीन दिवस काहीच न खाणं मांजरीच्या यकृताला धोक्याचं असतं, तिथे महिन्याची वाट बघू नये. मांजरीच्या गालाच्या वासाची नक्कल करणारे फेरोमोनचे डिफ्यूझर मिळतात. काहींना उपयोग होतो, काहींना नाही. माझं मत असं की खिडक्या उघड्या आणि कूलर सुरू असलेल्या खोलीत ते लावणं म्हणजे पैसे वाऱ्यावर सोडणं. बंद खोलीत, दिवाळीच्या दिवसांत लावून बघायला हरकत नाही. फ्लुऑक्सेटिन, क्लोमिप्रामिन, अमिट्रिप्टिलिन ही औषधं डॉक्टर देतात. परिणाम दिसायला काही आठवडे लागतात, आणि मनाने अचानक बंद करायची नाहीत. म्हाताऱ्या मांजरीत आधी रक्ततपासणी झालेली हवीच. गोळी देण्यासाठी रोज मांजरीला पलंगाखालून ओढून काढावं लागत असेल तर तेही डॉक्टरांना सांगा, दुसऱ्या रूपात देता येतं का ते बघता येईल.

परत सुरू झालं तर परत पहिल्यापासून: शू अडली नाही ना, रक्त नाही ना, मागच्या तपासणीला सहा महिने होऊन गेले का, मग वही. मागच्या वेळी ताण होता म्हणून याही वेळी ताणच असेल असं धरू नका. चौदाव्या वर्षी ठीक असलेलं मूत्रपिंड पंधराव्या वर्षी ठीक असेलच असं नाही.

आणि काही मांजरी सगळं करूनही महिन्यातून एखादवेळ चुकतात. त्यांच्यासाठी बाळाच्या अंथरुणात घालतात ती रबरी शीट गादीवर, वर जुनी सुती चादर, आणि दिवसा ती नसताना झोपायच्या खोलीचं दार लावून. जिथे हमखास करते तिथेच एक उथळ ट्रे ठेवून द्या, मग तो दिवाणखान्याच्या मधोमध आला तरी.